शाहूपुरीतल्या एका जुन्या गूळपेढीची विक्री : रिकामी करून नव्हे, भाडेकरूंसकट

कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या व्यापारी पेठेतली एक दुमजली गूळपेढी 2025 मध्ये विकली गेली. रस्त्याकडे तोंड करून चार गाळे, वर लाकडी गॅलरी, मंगलोरी कौलं, मागच्या बाजूला वखार. विकणारं कुटुंब कच्छी, घेणारं सिंधी. गाळ्यांत बसलेले राजस्थानी, निपाणीकडचे लिंगायत आणि उडुपीचे. कागदपत्रांचं काम माझ्याकडे होतं. कुटुंबाच्या परवानगीने हे लिहितो आहे. माणसांची नावं आणि प्रत्यक्ष रकमा दिलेल्या नाहीत, आणि इमारत ओळखू येईल असे काही तपशील बदलले आहेत.

पेठेत अशी एखादी इमारत विकायची चर्चा निघाली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "आधी रिकामी करा, मग भावाचं बोलू." या कुटुंबानेही सुरुवात तिथूनच केली होती. मी त्यांना उलट क्रम सुचवला. आधी वारस कागदावर आणायचे, मग भाडेकरू, आणि भाव सगळ्यात शेवटी. त्या क्रमाने काय साधलं आणि काय हातचं गेलं, ते सगळं सांगतो. पेठेत अजून अशा बऱ्याच इमारती उभ्या आहेत आणि त्यांची बोलणी घरोघरी चालू आहेत.

पेठ आणि पेढी

कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली. चारच वर्षांनी, 1895 मध्ये, शाहू महाराजांनी स्टेशनच्या बाजूला शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. गुऱ्हाळातून निघालेला गुळाचा रवा (ढेप) बैलगाडीने पेठेत यायचा, सौदा व्हायचा आणि रेल्वेने बाहेर जायचा. कोल्हापुरी गुळाचं मोठं गिऱ्हाईक तेव्हापासून गुजरात. त्यामुळे तिकडच्या मागणीची नाडी कळणारी कच्छी आणि गुजराती माणसं इथे येऊन खरेदी करू लागली, आणि त्यातली काही इथलीच झाली. या कुटुंबाचा मूळपुरुष तसाच आला. आज त्यांची चौथी पिढी घरात कच्छी बोलते आणि बाहेर अस्सल कोल्हापुरी.

इमारत बांधली गेली ती गुळासाठी. जोतं काळ्या दगडाचं आणि चांगलं उंच, कारण ओल लागली की गूळ पाझरतो. वखारीच्या भिंती जाड, खिडक्या लहान आणि वर. दर्शनी गाळे सुरुवातीला भाड्याचे नव्हतेच. एकात गादी-तक्क्यांची बैठक, बाकी तिघांत तोलाई आणि माल. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले, पाडव्याच्या मुहूर्ताचा सौदाही तिकडेच होऊ लागला, आणि पेठेत मोटारी, पंप, हार्डवेअर, विजेचं सामान आलं. पेढीचे गाळे तेव्हा एकेक करून भाड्याने गेले. वरचा मजला आणि वखार मात्र शेवटपर्यंत कुटुंबाच्या ताब्यात राहिली. पुढे व्यवहार जुळला तो याच गोष्टीमुळे.

सात सह्या

मालमत्ता पत्रकावर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, नाव होतं आजोबांचं. आजोबा 1971 मध्ये मृत्युपत्र न करता वारले. पन्नासहून अधिक वर्षं घरफाळा भरला गेला, भाडं गोळा झालं, पण नगर भूमापन कार्यालयात जाऊन वारसनोंद करायला कुणाला सवड झाली नाही. पेठेतल्या बहुतेक इमारतींची हीच कथा आहे.

आजोबांना दोन मुलगे, दोन मुली. थोरला मुलगा गेला; त्याची पत्नी आणि दोन मुलगे आहेत. धाकटा मुलगा, म्हणजे घरातले काका, हयात. मोठी आत्या हयात, राजकोटला. धाकटी आत्या 1998 मध्ये वारली, तिचे यजमानही आता नाहीत. मुलगी सांगलीत, मुलगा नैरोबीत. एकूण सात माणसं.

काकांचं म्हणणं होतं की 1985 मध्ये घरात तोंडी वाटणी झाली. बहिणींना लग्नात सोनं दिलं होतं, त्यामुळे इमारत दोघा भावांची. या वाटणीचा कागद नाही, मालमत्ता पत्रकावर नोंद नाही, घरफाळ्याचं बिल आजही आजोबांच्याच नावाने. हिंदू उत्तराधिकार कायद्यात 9 सप्टेंबर 2005 पासून झालेल्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच मुलाइतका सहदायादाचा हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासूनचा वाटा, दिला. 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी वडील 2005 मध्ये हयात असायची गरज नाही. त्याच निकालात तोंडी वाटणीबद्दलही ठाम सांगितलं आहे : ती सहजासहजी मान्य होणार नाही, तिला सरकारी दस्तऐवजाचा आधार हवा. काकांकडे तो नव्हता.

धाकट्या आत्यांची स्थिती निराळी. त्या 2005 च्या आधी गेल्या, म्हणून सहदायादाचा हक्क त्यांना नाही. पण आजोबा 1971 मध्ये वारले तेव्हा 1956 चा कायदा लागू होता आणि आजोबांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी पहिल्या वर्गाची वारस होती. तो हिस्सा लहान असला तरी आहे, आणि तो आता तिच्या मुलांकडे आला. नैरोबीच्या मुलाला विसरून खरेदीखत केलं असतं तर पुढच्या प्रत्येक सर्च रिपोर्टमध्ये, म्हणजे मालकीच्या कागदांच्या तपासणीत, तो दोष निघत राहिला असता.

थोरल्या भावाचा मुलगा राजकोटला गेला तो हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन. आपल्याकडे बहिणीकडे जायचं ते बहुधा हाच कागद घेऊन. आत्यांनी मसुदा वाचला आणि म्हणाल्या, "हक्कसोडीवर सही करायला मला बोलावू नका. खरेदीखतावर सही करायला बोलवा, येते." म्हणजे विक्रीला त्यांची हरकत नव्हती. त्यांना त्यांचा हिस्सा हवा होता, आणि त्यांचं बरोबर होतं. भावांच्या घरी हे पचायला वेळ लागला. काका काही महिने बोलत नव्हते. पण वाटणीचा दावा आत्यांनी लावला असता तर दिवाणी न्यायालयात आणि पुढे अपिलात किती वर्षं गेली असती, हे मी त्यांच्यासमोर मांडलं. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालं, त्यामुळे मुंबईच्या खेपा आता वाचतील. तारखा मात्र वाचत नाहीत.

शेवटी सातही जणांनी हिश्श्यांची टक्केवारी मान्य करणारा कुटुंब करार नोंदवला, वारसनोंद झाली आणि मालमत्ता पत्रकावर सात नावं लागली. नैरोबीहून कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयात साक्षांकित होऊन आलं. असं परदेशातून आलेलं कुलमुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. ही मुदत अनेकांची चुकते, म्हणून मुद्दाम लिहिलं. पत्रकावरचा सत्ताप्रकारही, म्हणजे जागा कुठल्या हक्काने धरलेली आहे तेही, याच वेळी तपासून घेतलं. संस्थानकाळात वसवलेल्या पेठांमध्ये काही जागांवर सरकारी अटी असू शकतात. इथे तशी अट नव्हती.

चार गाळे

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी कुणीतरी सल्ला दिला होता की भाडं घेणं बंद करा, भाडेकरू थकबाकीदार ठरतील आणि मग बाहेर काढता येतील. कुटुंबाने तसं केलं. भाडेकरू मनिऑर्डरी पाठवत राहिले, त्या "घेण्यास नकार" असा शेरा पडून परत जात राहिल्या, आणि प्रत्येक परतीची पावती भाडेकरूंनी जपून ठेवली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 प्रमाणे भाडेकरू भाडं द्यायला तयार आणि राजी आहे तोवर त्याला थकबाकीसाठी काढता येत नाही. दावा लावण्याआधी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावंही लागतं. म्हणजे त्या सल्ल्याने एकच गोष्ट झाली : भाडेकरूंचा पुरावा भक्कम झाला आणि दोन्हीकडचा विश्वास गेला. पहिल्या बैठकीत निपाणीचे व्यापारी एवढंच म्हणाले, "शेठ, आधी पावती फाडा. मग काय ते बोलूया."

पावत्या फाडल्या. मागचं सगळं भाडं एकरकमी घेतलं, चौघांना पावत्या दिल्या. माझ्या मते विक्रीचा खरा आरंभ त्या दिवशी झाला.

पहिला गाळा राजस्थानी कुटुंबाचा, विजेच्या मोटारींचा. चाळीसेक वर्षांपूर्वी पागडी, म्हणजे जागेसाठी भाड्याव्यतिरिक्त एकरकमी पैसे, देऊन आले, पागडीची चिठ्ठी आजही त्यांच्या तिजोरीत आहे. 1999 च्या कायद्याने पागडीचा व्यवहार बेकायदा राहिला नाही, त्यामुळे चिठ्ठी लपवायची गरज नव्हती. पण ती घरगुती चिठ्ठी होती. दुसरा गाळा निपाणीच्या व्यापाऱ्यांचा, किराणा आणि गूळ-काकवी. पेढीत गूळ विकणारे तेच एकटे उरले होते. या दोघांचं काम सोपं होतं. याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. तसा नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाच्या दृष्टीने हे किती धोक्याचं आहे हे बहुतेक मालकांना ठाऊकच नसतं. दोन्ही गाळ्यांचे करार नोंदवले : कुठली जागा, किती चौरस फूट, कुठला धंदा, भाडं किती, दुरुस्ती कुणाची, शौचालय आणि मागच्या बोळाचा वापर कसा. कायद्याने वर्षाला 4 टक्के भाडेवाढ घेता येते. ती या कुटुंबाने कधी घेतलीच नव्हती. नव्या करारात ती आली. भाडं अजूनही बाजारापेक्षा फार कमी आहे, पण आता ते हलतं आहे.

तिसरा गाळा म्हणजे उडुपीकरांचं हॉटेल. मूळ भाडेकरू 2012 मध्ये वारले. गल्ल्यावर त्यांचा पुतण्या बसतो. काका हयात असल्यापासून तोच हॉटेल चालवत होता. पावत्या मात्र मयत काकांच्या नावाने चालू. भाडेकरूच्या निधनानंतर त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला कायदा भाडेकरू मानतो. पण पुतण्या हा त्या अर्थाने कुटुंबीय की नाही, यावर भांडायचं ठरवलं तर भांडता येतं. कुटुंबातल्या एका धाकट्याला यात संधी दिसली : पुतण्याला भाडेकरू मानायचंच नाही. मी विरोध केला. तो माणूस पहाटे पाचला शटर उघडतो, पेठेतले हमाल त्याच्याकडे नाश्ता करतात, 2019 आणि 2021 च्या दोन्ही महापुरांत चिखल त्यानेच उपसला. ज्याने इमारत वापरती ठेवली त्याला कागदाच्या फटीतून बाहेर ढकलायचं, हे मला मान्य नव्हतं. शिवाय दावा हरायची शक्यता भरपूर होती आणि दावा चालू असलेली इमारत घ्यायला कुणी शहाणा गिऱ्हाईक येत नाही. उडुपीहून काकू आणि त्यांची मुलं आली, त्यांनी संमती दिली आणि पुतण्याच्या नावाने नवा भाडेकरार नोंदवला गेला. सगळे वारस त्यात संमती देणारे म्हणून आहेत, त्यामुळे पुढे हक्क सांगायला कुणी उरलं नाही.

चौथा गाळा बंद. भाडेकरूने धंदा कधीच दुसरीकडे हलवला होता. कुलूप लावून, भाडं पाठवून जागा धरून ठेवली होती. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा ज्या कामासाठी घेतली त्या कामासाठी वापरली नाही, तर ताबा मागता येतो. पुरावा म्हणून महावितरणची बिलं काढली. वर्षानुवर्षं शून्य युनिट. त्यांच्याकडे पागडीची मोठी अपेक्षा होती, आमच्याकडे शून्य युनिटांची बिलं. दावा न लावता मधली रक्कम ठरली, ती धनादेशाने दिली आणि ताबा सोडल्याचा दस्त नोंदवला. चारांतला रिकामा केलेला गाळा हा एवढाच.

धोकादायक इमारतीची गोष्ट

बोलणी चालू असताना एका मध्यस्थाने तिसराच मार्ग सुचवला. पावसाळ्याआधी महापालिका मोडकळीस आलेल्या इमारतींना नोटिसा देते. त्यासाठी महानगरपालिका अधिनियमात कलम 264 आहे. "तेवढी एक नोटीस मिळवा, इमारत उतरवा, कुळं आपोआप गेली." हा सल्ला पेठेत उघडपणे दिला जातो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

एक तर तो खोटेपणा आहे. नोटीस माणसांचा जीव वाचवण्यासाठी असते. ती धंद्याची युक्ती म्हणून वापरली की खरोखर कोसळायला आलेल्या इमारतीतले लोकही नोटिशीवर विश्वास ठेवेनासे होतात, आणि मग माणसं ढिगाऱ्याखाली सापडतात. दुसरं, कायद्यातही तो टिकत नाही. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे. भाडेकरू मोकळ्या जागेवर हक्क सांगत उभा राहतो आणि मालकाकडे इमारतही नाही, भाडंही नाही.

आम्ही संरचना अभियंत्याकडून खरी तपासणी करून घेतली. मुख्य इमारतीच्या दगडी-विटांच्या भिंती सुस्थितीत निघाल्या. वखारीच्या छताचे काही वासे कुजले होते, ते विक्रीआधी बदलले. अहवाल जसा होता तसा प्रत्येक इच्छुकाला दिला.

पुराचं पाणी

गल्ली जयंती नाल्याच्या बाजूला उतरते. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांवर आली की इशारा पातळी, 43 फुटांवर धोका पातळी. पाणी त्याच्याही बरंच वर गेलं की नाल्यातून मागे फुगतं आणि पेठेच्या सखल बाजूला शिरतं. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये गाळ्यांत पाणी होतं. भिंतीवर दोन्ही वर्षांच्या रेघा होत्या. रंगकाम करून घ्या, असं दलालाने सुचवलं. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला सहज न दिसणारा दोष सांगणं हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. रेघा ठेवल्या, त्यांची उंची मोजून साठेखतात (खरेदीखताआधीच्या करारात) लिहिली, पाटबंधारे विभागाच्या पूररेषेच्या नकाशावर जागा कुठे येते ते जोडलं.

त्यातून इमारतीची लायकी वेगळ्या अर्थाने पुढे आली. त्या उंच दगडी जोत्यामुळे शेजारच्या नव्या काँक्रीट दुकानांपेक्षा इथे पाणी कमी चढलं होतं. वरचा मजला आणि माळे दोन्ही वेळा कोरडे राहिले. पाडून नवं बांधायचं म्हटलं तर पूररेषेचे नियम आडवे येणार, आणि रस्त्याच्या पातळीवर गाळे काढून विकायचं बिल्डरचं गणित तिथेच अवघड होणार.

दोन गिऱ्हाइकं

बिल्डरने देऊ केलेल्या भावाला 100 धरू. त्यातले 60 टप्प्याटप्प्याने पैशांत, 40 नव्या इमारतीतल्या गाळ्यांच्या रूपात. अट एकच, इमारत रिकामी हवी. चारही भाडेकरूंना तेव्हाच विचारलं होतं. सगळ्यांच्या मागण्यांची बेरीज 28 च्या आसपास जात होती. म्हणजे हातात 72, तेही सगळं सुरळीत झालं तर आणि नवी इमारत उभी राहिली तर.

दुसरं गिऱ्हाईक कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांसाठी वळिवड्याला छावणी उभारली होती. ते निघून गेल्यावर त्या परिसरात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं वसली, आणि त्यांनी गांधीनगरचा घाऊक कापडबाजार उभा केला. त्यातल्या एका कुटुंबाला स्टेशनजवळ शहरात जागा हवी होती : माल ठेवायला वरचा मजला आणि वखार, विक्रीला एखादा दर्शनी गाळा. बाकीचे गाळे चालू राहिले तर त्यांना हवंच होतं, कारण गजबज राहते. पहिल्या दिवशी, सगळं विस्कळीत असताना, त्यांनी 64 सांगितले. सात नावं पत्रकावर आली, तीन करार नोंदले गेले, चौथा गाळा मोकळा झाला, तेव्हा तेच 71 वर आले. चौथ्या गाळ्यासाठी 5 गेले होते. उरले 66.

66 आणि 72. फरक खरा आहे आणि तो मी कुटुंबापासून झाकला नाही. पण 66 चा आकडा पूर्ण, एकाच वेळी, बँकेतून. 72 मध्ये चार तडजोडी जमायच्या होत्या, परवानग्या मिळायच्या होत्या आणि 40 चा भाग अजून न बांधलेल्या भिंतींत होता. काका सत्तरीच्या पुढे, आत्या ऐंशीच्या. सातांपैकी पाच जणांनी लगेच 66 घेतले, दोघांना पटायला वेळ लागला.

पेठेत थोडी कुरकुर झाली. जुन्या माणसांना पेढी "गांधीनगरवाल्यांना" गेल्याचं रुचलं नाही. मला ही कुरकुर अन्यायाची वाटते. कच्छहून आलेल्या माणसाने बांधलेली जागा सिंधहून आलेल्या घराण्याने घेतली, आणि दोघांनाही कोल्हापूरने व्यापारासाठी जागा दिली. ही पेठ वसली तीच बाहेरून आलेल्या माणसांच्या भरवशावर.

आणखी एका इच्छुकाने चांगला भाव सांगितला होता, पण त्यातला मोठा भाग रोखीने. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा अधिक रोख घेतली तर घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. सात वारसांत रोख वाटायची आणि तिचा हिशेब कुठेच नाही, म्हणजे घरात आयुष्यभराचं भांडण. त्याला पहिल्याच भेटीत नकार दिला.

"पाडू नये" ही अट

काकांची एक इच्छा होती. खरेदीखतात लिहा, दर्शनी भाग आणि गॅलरी पाडू नये. भावना मला पूर्ण समजली, पण अट टिकणारी नव्हती. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम 11 सांगतं की मालकी पूर्णपणे दिल्यावर घेणाऱ्याने ती कशी वापरावी याचं बंधन घालता येत नाही. अपवाद आहे तो विकणाऱ्याची स्वतःची लगतची जागा असेल आणि तिच्या उपभोगासाठी बंधन गरजेचं असेल तर. इथे लगतची जागा कुटुंबाकडे उरत नव्हती.

वारसा यादीचा, म्हणजे हेरिटेज इमारतींच्या यादीचा, मार्ग पाहिला. महापालिकेच्या नगररचना विभागात चौकशी केली, इमारत यादीत नव्हती. यादीत असती तर दर्जाप्रमाणे बदलांवर बंधनं आली असती, वारसा समितीचा सल्ला लागला असता, आणि 2020 च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे गमावलेल्या बांधकाम हक्काच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) मागता आला असता. विक्रीच्या तोंडावर नाव घालायला सातही जण तयार नव्हते. शाहूपुरीच्या अशा इमारतींची नोंद महापालिकेने आपणहून घ्यायला हवी असं माझं ठाम मत आहे. मालकाने विक्रीच्या वेळी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईपर्यंत थांबून ती होणार नाही.

मग उरलं काय, तर गिऱ्हाइकाची निवड. ज्याला वरचा मजला आणि वखार जशी आहे तशी उपयोगाची, आणि ज्याच्या हाती तीन नोंदणीकृत भाडेकरार येतात, त्याला पाडण्यात फायदा नाही. भाडेकरूंच्या कराराने इमारत जपली जाते, हे काकांना मीच सांगितलं आणि त्यांना ते पटलं. भविष्याची हमी मात्र मी दिली नाही, देता येत नाही.

मुद्रांक आणि कर, थोडक्यात

वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता (रेडी रेकनर) जागेला मोकळी समजून भाव लावतो, आणि भाडेकरूंसकटची किंमत त्याच्या खाली येते. फरक 10 टक्क्यांहून जास्त गेला तर विकणाऱ्याला न मिळालेल्या पैशांवर कर लागू शकतो आणि घेणाऱ्यालाही. म्हणून दस्त करण्याआधीच मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे मूल्य आणि मुद्रांक शुल्क आधीच ठरवून घेण्यासाठी, मसुदा दिला. जुन्या भाडेकरूंच्या जागेचं मूल्यांकन वेगळ्या पद्धतीने होतं, पण पुरावा लागतो. जुन्या पावत्या, परत आलेल्या मनिऑर्डरी, नवे करार, सगळं तिथे कामी आलं. कधीकाळी रागाने नाकारलेल्या मनिऑर्डरींनी शेवटी मालकांचाच कर वाचवला. नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 रुपयांच्या वर नाही.

भांडवली नफ्याच्या हिशेबात खरेदीच्या किमतीच्या जागी धरायला 1 एप्रिल 2001 चं मूल्य नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढलं. ते त्या तारखेच्या मुद्रांक मूल्याहून जास्त धरता येत नाही. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला दर 12.5 टक्के, महागाई निर्देशांकाविना, म्हणजे मूळ मूल्य महागाईप्रमाणे न वाढवता. भारतातल्या निवासी व्यक्तीला जुन्या जमीन-इमारतीसाठी निर्देशांकासह 20 टक्क्यांनी हिशेब करून जे कमी येईल तेवढाच कर देता येतो. नैरोबीच्या भाच्याला ही मुभा नाही. शिवाय त्याच्या हिश्श्यातून घेणाऱ्याने कापायचा कर बाकीच्यांच्या 1 टक्क्यापेक्षा फार जास्त असतो, म्हणून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी काढून घेतलं. कर वाचवणाऱ्या रोख्यांची 50 लाखांची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. सात नावं पत्रकावर आल्याचा हा आणखी एक उपयोग झाला. व्यवहार 1961 च्या आयकर कायद्याखाली झाला. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा आहे, तेव्हा यापुढे विकणाऱ्यांनी कलमांचे क्रमांक नव्याने पाहून घ्यावेत.

खरेदीखतानंतर

आत्या राजकोटहून आल्या आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात काकांच्या शेजारी बसून त्यांनी अंगठा आणि सही दिली. त्याच दिवशी तिन्ही भाडेकरूंना मालक बदलल्याची लेखी सूचना दिली : यापुढे भाडं कुणाला, कुठल्या खात्यात. अनामती किती होत्या आणि त्या नव्या मालकाकडे वर्ग झाल्या, हे सूचनेत आकड्यांसह लिहिलं. हा कागद अनेक व्यवहारांत राहून जातो आणि मग एकाच महिन्याचं भाडं दोघे मागतात.

मालमत्ता पत्रकावर नव्या मालकाचं नाव लागलं आहे, घरफाळ्याचं बिल बदलायचं काम चालू आहे. वरच्या मजल्याच्या दुरुस्तीचा नकाशा महापालिकेत दाखल झाला आहे. मागचा जिना लोखंडी होणार, मंगलोरी कौलांखाली पत्रा येणार, आणि गॅलरीचे कुजलेले दोन खांब सागवानाचेच बसवायचे, असं नव्या मालकांनी सुताराला सांगितलं आहे.